शेगडीतलं अंबर

माझी सवत आमच्या घरी राहायला आली ती बामाच्या रिकाम्या डबीत. बोराएवढी, मधाच्या रंगाची, आणि मेलेली. हसायचं तर हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं, आणि आजही ते दिवस आठवले की आधी राग येतो, हसू त्याच्या मागून.

ते गुलाबी बोंडअळीचं साल होतं. आमचं घर बोरी अरबला, अडाण नदीच्या अंगाला वावर, वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत अळी. फवारणी करकरून माणसं आजारी पडली, अळी मात्र मजेत. त्या वर्षी गावात किडा हा शब्दसुद्धा कोणी नीट तोंडानं काढत नव्हतं. आणि आमचे हे दारव्ह्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, तेही तासांवर. नोकरी कायम होईल म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहणं चालू. लोक ओसरीवर येऊन विचारायचे, "सर, आता अळीवर काय मारू जी?" हे खरं ते सांगायचे, की आता काही मारू नका, पऱ्हाटी उपटा. लोक तोंड वाकडं करून उठायचे, आणि हे परत टेबलाशी बसून किड्यांची चित्रं काढायचे.

चित्रं मात्र काढावीत तर ह्यांनीच. बारीक निबाचा पेन, काळी शाई, एका डोळ्याला भिंग. मुंगीच्या पायावरचे केस वेगवेगळे दिसायचे. मी एकदा लाडात येऊन म्हटलं, "माह्यं काढा ना एखांदं." तर म्हणाले, "तू हालते." किडे हलत नाहीत, कारण ते मेलेले असतात. म्हणजे ह्यांच्या नजरेत बसायचं तर आधी मरावं लागणार होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. ते हसले आणि पुन्हा भिंगात डोळा घातला.

दिवाळीत ह्यांची मैत्रीण आली. अमरावतीला दोघं एम.एस्सी.ला सोबत होती. ह्यांच्या घरचं वावर ह्यांना परत घेऊन आलं आणि ती पुढं शिकत गेली; आता मोठ्या शहरात एका संस्थेत जुन्या काळच्या किड्यांवर संशोधन करत होती. मी तिला मॅडम म्हणायची. ती ह्यांना "अरे" म्हणायची. "अरे, तू किती वाळलास." "अरे, तुझं ते भिंग अजून आहे?" जगात ह्यांना अरे-तुरे करणारी एकच बाई मला माहीत होती, ती माझी सासू. मला तेव्हा आठवा महिना. पाय सुजलेले, तोंडावर वांग आलेले. आणि ही बाई सुती साडीत, केस आखूड कापलेले, ओसरीवर मांडी घालून बसलेली, आणि तिच्या समोर माझा नवरा असा बोलतोय की तेवढं तर तो माझ्याशी सहा महिन्यांतही बोलला नसेल. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी चिवडा दिला तो अंमळ आपटूनच दिला.

मग तिनं पर्समधून ती वस्तू काढली. अंबर. कोटी वर्षांपूर्वी कुठल्याशा जंगलात झाडाचा चीक गळला, त्यात एक किडा अडकला, आणि चिकाचा दगड झाला. आत किडा जसाच्या तसा. टाचणी म्हणतात त्याला पुस्तकात. नदीवर चतुर उडतात ना, त्यांचीच नाजूक जात, बसली की पंख मिटून घेते. आम्ही माहेरी नेरला लहानपणी नाल्यावर त्यांना सुई म्हणायचो आणि शेपटीला दोरा बांधायला धावायचो. ती तिथं त्या दगडात होती. पंखांची जाळी दिसत होती, डोळे दिसत होते. मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू, पाहतच राहिले. मग वर पाहिलं तर हे माझ्याकडे नाही, दगडाकडेही नाही, मॅडमकडे पाहत होते आणि त्यांचे डोळे भरून आलेले.

तिनं आणखी एक गंमत केली. तिच्याजवळ अंबराचा एक नुसता तुकडा होता, आत काही नसलेला. तो तिनं माझ्या शालीवर घासला आणि ओसरीत पडलेल्या कापसाच्या तुसांवर धरला. तुसं उडून त्याला चिकटली. मग सुई दिव्यावर तापवून त्या तुकड्याला टोचली, आणि एक वास आला. आपल्या धुरीच्या राळेसारखा, पण राळेहून गोड, थंड. आपल्या भागात तसं झाड नाही. "खरं अंबर असंच ओळखतात, वहिनी," ती म्हणाली. वहिनी म्हणाली हे ठीक, पण तो वास माझ्या नाकात बसला तो बसलाच.

तिचं काम असं होतं: ह्या टाचणीवर तिला लेख छापायचा होता आणि त्यासाठी चित्रं हवी होती, फोटोत न दिसणारं दाखवणारी. तसा हात ह्यांचाच. शिवाय आमच्या नदीवर आजही तशाच पायांच्या टाचण्या होत्या. त्या ह्यांनी पाहून ठेवायच्या, जुन्या-नव्याचा मेळ घालायचा. लेखावर दोघांचं नाव येणार होतं. परदेशातल्या मासिकात. "मग तुझी नोकरी कोण अडवतं ते बघू," ती म्हणाली. दगड ती होळीपर्यंत ह्यांच्याजवळ ठेवून गेली. ह्यांनी आपल्याच वावरातला कापूस पिंजून बामाच्या डबीत अंथरला आणि त्यात ती टाचणी निजवली. मी दारात उभी राहून पाहत होते. आमच्या लग्नात मला घातलेला हारसुद्धा ह्यांनी इतक्या हळू हातानं घातला नव्हता.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. हे कॉलेजातून येत, चहा घेत आणि डबी उघडत. रविवारी नदीवर. मी पोट धरून वेचणीच्या बायांना पाणी पाजायला वावरात जायची आणि हे बांधापलीकडं पालथे पडून पाण्याकाठच्या गवताकडं पाहत असायचे. बाया हसायच्या. "काय पाहून राह्यले वं सर?" मी म्हणायची, "त्याईले विचारा." लाज वाटायची आणि राग यायचा.

एकदा मी विचारलंच, "इतकं काय आहे हो तिच्यात?"

"ती नाही, तो आहे," हे म्हणाले. "नर आहे. त्याचे पाय पाह्य." मला हाताला धरून भिंगापाशी बसवलं, बऱ्याच दिवसांनी. पाहिलं तर पायांना पानासारख्या पसरट कडा. हे सांगू लागले: नदीवरच्या टाचण्यांतही असे पाय असतात, नर मादीसमोर उडत राहतो आणि ते पाय हलवून हलवून तिला दाखवतो. तिनं आपल्याकडं पाहावं म्हणून. "म्हणजे कोटी वर्षांआधीपासून हेच चालू आहे," हे म्हणाले. खूष होऊन म्हणाले.

"अन् ती मादी?"

"ती नाही सापडली. ती उडून गेली असंल."

मी म्हटलं, "किड्याले समजते ते माणसाले काहून समजत नसंल?" ह्यांना कळलं नाही. किंवा कळलं आणि कळलं नाही असं केलं. मला त्या रात्री त्या न सापडलेल्या मादीचाही हेवा वाटला. तिच्यासाठी कोणी तरी पाय नाचवत होतं, आणि नाचवता नाचवता चिकात पडलं.

डिसेंबरात मुलगी झाली. माझी आई नाही, त्यामुळे बाळंतपण सासरीच. सासूबाईंनी सगळं हौसेनं केलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ह्यांच्या टेबलाची खोली बाळंतिणीसाठी रिकामी केली. टेबल ओसरीवर गेलं. डबी कुठं ठेवावी हा ह्यांच्यासमोर मोठा प्रश्न. ओसरीवर लोकांची ये-जा. मग ह्यांनी ती ह्याच खोलीतल्या कोनाड्यात ठेवली, उंचावर, कोणाचा हात पोचणार नाही अशी. त्यांच्या ध्यानात एवढं आलं नाही की बाळंतिणीच्या खोलीत कोनाडा हा सासूचा असतो. दुसऱ्याच दिवशी तिथं ओवा आला, वावडिंग आली, लसणाची सालं आली, राळेची पुडी आली.

मुलीला हे पाहायचे तेही तसंच. जवळ यायचे, बोट हातात घ्यायचे. "नखं पाह्य, किती बारीक." पापण्या पाहायचे. मला वाटायचं, आता माझ्याकडं पाहतील, विचारतील, कसं वाटते. पण मुलगी झोपली की हे ओसरीवर. पाय काढायचे राहिले होते त्या टाचणीचे. बाजेवर पडल्या पडल्या मला ह्यांच्या निबाचा कागदावरचा आवाज ऐकू यायचा आणि दूध येईनासं व्हायचं.

त्या दिवशी सकाळी माझी नि लेकराची अंघोळ झाली. बाजेखाली शेगडी, शेगडीत निखाऱ्यांचा रसरशीत इस्तो, मी वर गोधडीत, मुलगी कुशीत. सासूबाई धुरी टाकायला आल्या. कोनाड्यात हात घालून काही तरी काढलं आणि त्यांचं तोंड एकदम फुललं.

"पाह्य वं," त्या म्हणाल्या, "उगाच नावं ठेवतं माह्या पोराले. तुह्यासाठी राळ आणली त्यानं. चांगली, खड्याची. कापसात गुंडाळून ठेवली, कोणाले सांगितलंबी नाही."

आणि त्यांनी ती ओव्यासोबत शेगडीत टाकली.

मी पडून होते. मला फक्त त्यांची मूठ दिसली होती. आणि सांगते, मला फार बरं वाटलं. इतके दिवस जे आतून कुरतडत होतं ते थांबलं. वाटलं, बोलून दाखवत नाही पण आहे माणसाच्या मनात. दुकानात उभं राहून माझ्यासाठी राळ मागितली असेल. कापसात गुंडाळली. मी गोधडी सारखी केली, डोळे मिटले आणि धूर आत ओढला.

गोड होता. थंड होता. राळेचा नव्हता.

माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तो वास दिवाळीपासून नाकात बसलेलाच होता. इथं मी सगळं खरं सांगायला पाहिजे. एक श्वास मी तशीच पडून राहिले. जळू दे म्हटलं. माझा हात लागला नाही, माझा शब्द लागला नाही, ब्याद आपोआप चाललीय तर जाऊ दे. आणि मग मला ह्यांचा चेहरा दिसला, दिवाळीतला, डोळे भरून आलेला. मी लेकराला बाजूला सारलं, बाजेवरून खाली वाकले आणि इस्त्यात हात घातला. चिमटा चुलीपाशी होता. तो आणायला सांगेपर्यंत काही उरलं नसतं.

अंबर एका कोपऱ्यावर पेटलं होतं. तापलेला चीक बोटांना चिकटला आणि बोटांसोबतच बाहेर आला. मी ओरडले तेव्हा मुलगी उठली, सासूबाई धावल्या, हे ओसरीवरून आत आले. मी तळहात पुढं केला.

ह्यांनी आधी दगड घेतला. खिडकीशी गेले, उजेडात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. माझी बोटं तशीच हवेत. मी त्यांची पाठ पाहत होते.

"पंख आहेत," ते म्हणाले.

"अरे, तिचा हात पाह्य आधी!" सासूबाई कडाडल्या. मग आपण शेगडीत काय टाकलं ते त्यांना समजलं. "मले काय ठाऊक रे बाबू. मले वाटलं, तू बायकोसाठी आणली."

ह्यांनी मान खाली घातली. मग माठातलं पाणी आणलं, माझा हात त्यात बुडवला, डॉक्टरला बोलवायला गेले, सगळं केलं. पण क्रम तर मी पाहिला होता. आधी दगड, मग हात. मी ह्यांच्याशी बोलणं सोडलं. मुलीचं काही असेल तर तेवढं बोलायची, तेही भिंतीकडं पाहून.

ह्यांनी मॅडमला फोन केला, दगडाचा कोपरा जळला एवढंच सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात ती जीप करून आली. सासूबाईंनी पोहे केले. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले, पट्टी बांधलेला हात शालीत. मनात म्हटलं, ये बाई, आता पाहू काय बोलतेस.

ती दगडाकडं बराच वेळ पाहत राहिली. टाचणी शाबूत होती, पण एका पंखाच्या टोकाशी कोपरा काळा पडला होता आणि त्या काळ्यातून एक चीर आत गेली होती.

"अरे, तुझ्यासारखा माणूस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, तेच वाईट होतं. "तापलेली सुई लावून पाहायची काय गरज होती? ते खरंच आहे हे तुला मी सांगितलं होतं ना? आणि लावलीस तर लावलीस, इतका वेळ धरून ठेवलीस?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे चटईकडं पाहत होते.

"चुकलंच माझं," हे म्हणाले.

"आता आमच्या सरांना मी काय सांगू? वस्तू संस्थेची आहे. चित्रं घेईन मी तुझी, पण नाव नाही रे टाकता यायचं. ते ऐकणार नाहीत."

"नको टाकू," हे म्हणाले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. शुद्ध बोलणं भराभर चाललं की त्यांना फारसं समजत नाही. त्यांनी विचारलं, "पोहे देऊ का जी अजून?" माझं तोंड उघडलं. मी सांगणारच होते. ह्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. सरळ, भिंगातून पाहतात तसं, पापणी न हलवता. मी तोंड मिटलं. मॅडमनं विचारलं, "वहिनी, हाताला काय झालं?" तर माझ्याआधी हेच बोलले, "शेगडीवर भाजला."

जीप गेली. चित्रंही गेली, डबीही गेली. हे फाटकाशी उभे होते. मी आत बसून धुसफुसत होते, कारण माझ्या डोक्यात त्यातही एकच आलं: आईसाठी खोटं बोलला. आईचं नाव येऊ दिलं नाही. आईसाठी नोकरीवर, नावावर पाणी सोडलं. माझ्यासाठी आधी हातसुद्धा पाहिला नव्हता. हे आत आले तसं मी सोडलंच. "मायले वाचवलं ना?"

"मायचं सांगितलं असतं तर मॅडमनं खरं नसतं मानलं," हे म्हणाले. "तिला वाटलं असतं, तूच टाकलं."

"मी कायले टाकीन?"

"दिवाळीत तू चिवडा कसा दिलता ते तिनं पाह्यलं नाही काय?" हे म्हणाले. "मी तर पाह्यलं."

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. चिवड्यापासून ठाऊक होतं. मी इतके महिने जळत होते ते हा माणूस शांत बसून पाहत होता. मला रडू आलं आणि मी त्यांना चांगलंच झापलं, काय काय बोलले ते आता लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझी पट्टी सोडली, औषध लावलं आणि बोटं उजेडाकडं धरली. खूप वेळ धरून बसले. मी म्हटलं, हालू का? म्हणाले, हाल.

तो लेख छापून आला. आम्हाला कोणी पाठवला नाही. परवा मुलीनं मोबाइलवर काहीबाही शोधता शोधता त्यातला टाचणीचा फोटो उघडला, आता ती शाळेत जाते आणि तिलाही किड्यांचं वेड आहे, काय करता. टाचणी तशीच होती, पाय पसरून. खाली चित्रं होती ह्यांच्या हातची. मी लांबून ओळखली. नावं होती चार-पाच, त्यांत ह्यांचं नव्हतं. मॅडमचं पहिलं.

"आई, हे काळं काय आहे कोपऱ्यात?" मुलीनं विचारलं.

हे ओसरीवर पेपर तपासत होते, अजूनही तासांवरच. त्यांचा लाल पेन थांबला. मी मोबाइल हातात घेतला. त्या बाईकडं तो दगड आहे, ती चित्रं आहेत, मोठं नाव आहे. पण तो कोपरा कसा जळला हे तिला ठाऊक नाही, आणि मी असेपर्यंत ठाऊक होणारही नाही.

"ते आपल्या घरचं आहे," मी म्हटलं, आणि तिला माझी बोटं दाखवली.